एक मीटर कापड आणि लेकीचा झगा

इस्टर झाला की आमच्या बेळगाव-खानापूर भागात उन्हाचा ताप वाढू लागतो. लग्ने, फेस्ते आणि पुष्कळ धर्मग्रामांत मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद ही सारी याच सुमारास येतात. साहजिकच घरोघरी एक प्रश्न उभा राहतो : मुलीच्या अंगावर काय घालावे? बाजारात तयार झग्यांची उणीव नाही. वर जाळी, खाली जाळी, कमरेला चकचकीत फूल, असे ते दुकानाच्या दारात टांगलेले असतात आणि दिव्याच्या उजेडात मोठे देखणे दिसतात. परंतु वैशाखाच्या उन्हात ती नायलॉनची जाळी सहा वर्षांच्या मुलीची मान आणि काखा लाल करून सोडते. ज्या घटकेसाठी तिने वर्षभर धर्मशिक्षण घेतले, त्या घटकेस तिचे चित्त वेदीकडे नसून काखेकडे असते. वेदीवरून हे स्पष्ट दिसते, म्हणून लिहितो.

हे केवळ खाजेचे दुखणे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. अशा एका झग्यासाठी मजुरी करणाऱ्या बापाची चार-पाच दिवसांची कमाई सहज जाते. एके ठिकाणी बचत गटातून कर्ज काढून झगा आणला गेला. तो एकदा अंगावर चढला आणि त्यानंतर पेटीत गेला. पुढच्या वर्षी मुलगी वाढली, झगा वाढला नाही. दुसऱ्या एका घरची गोष्ट याहून कडू आहे. फेस्ताच्या मिरवणुकीत त्या घरची धाकटी मुलगी दिसली नाही. आईला विचारले तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "फादर, सगळ्यांच्या पोरींना नवे झगे, हिला जुनाच. मग कशी पाठवू?" ज्या देवमातेची मिरवणूक होती, तिने आपले बाळ गव्हाणीत निजविले होते. पण त्या क्षणी हा उपदेश आमच्या तोंडून निघेना. लाज ही उपदेशाने जात नाही, तिला हाती काहीतरी द्यावे लागते.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी मुलीने अमुक प्रकारचा झगा घातला पाहिजे असा ख्रिस्तसभेचा कोणताही नियम नाही. शुभ्र रंगाची प्रथा सुंदर आहे, कारण तो रंग बाप्तिस्म्याच्या शुभ्र वस्त्राची आठवण देतो. आणि बाप्तिस्म्याच्या विधीत तर असे सुचविले आहे की ते वस्त्र शक्यतो कुटुंबानेच आणावे. म्हणजे ख्रिस्तसभेची दृष्टी दुकानाकडे नाही, घराकडे आहे.

जुन्या करारात शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात हन्नाची कथा येते. तिने आपला मुलगा शमुवेल देवाच्या सेवेस दिला आणि तो शिलो येथे मंदिरात वाढू लागला. दरवर्षी यज्ञासाठी नवऱ्याबरोबर तिकडे जाताना ती त्याच्याकरिता एक लहानसा झगा करून नेत असे. पवित्र शास्त्राने या झग्याला एक वाक्य दिले आहे, आणि आम्हांला ते वाक्य फार मोलाचे वाटते. मुलगा वर्षातून एकदाच दृष्टीस पडणार. तो किती वाढला असेल याचा अदमास त्या आईने घरी बसून कसा केला असेल? खांद्याला किती, उंचीला किती, हे तिने बोटांनी मोजून पाहिले असेल काय? शिवणे म्हणजे त्या मुलाचा मनात विचार करणे. तयार झगा ज्याने शिवला त्याने आपल्या मुलीचा विचार केलेला नसतो, करणे त्याला शक्यही नसते.

धर्मगुरूने झग्याच्या नेफ्याविषयी लिहावे याचे काही वाचकांना हसू येईल. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की गावात रोज झगा घालणारा मोठा माणूस आमच्यावाचून दुसरा कोण आहे? सेमिनरीत तुटलेली बटणे ज्याची त्यानेच लावायची असत. बाकीचे ज्ञान आम्ही सिस्टरांच्या शिवणवर्गाच्या दारात उभे राहून मिळविले आहे.

आता कापडाकडे वळू. सहा वर्षांच्या मुलीस, जिची छाती साधारण २४ इंच आहे, ३६ इंच पन्ह्याचे एक मीटर सुती कापड पुरते. पॉपलीन उत्तम. मलमल फार विरळ होते, तिला अस्तर लागते. कापताना घाई नको. कापड प्रथम रात्रभर पाण्यात भिजवावे, वाळवावे, इस्त्री करावी, मगच कातर लावावी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि आटायचे ते झगा होण्यापूर्वी आटलेले बरे.

एक मीटर म्हणजे ३९ इंच. त्यांतून २८ इंच लांबीचा तुकडा अंगासाठी काढावा आणि पन्ह्याच्या मध्यावर उभा कापून पुढचा व मागचा असे १८-१८ इंच रुंदीचे दोन भाग करावेत. दोन्ही भाग एकावर एक ठेवून उभे दुमडावेत, म्हणजे बगलेच्या कडा एका बाजूस येतील. त्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून आत २ इंच व खाली ५ इंच मोजून विळ्याच्या पात्यासारखा बाक देऊन कापावे. हा झाला बगलेचा कापा. बाजूच्या टिपा घालाव्यात. बगलेच्या कडेला तिरकस कापलेली पट्टी, जिला शिंपी उरेप म्हणतात, ती लावावी. सरळ कापलेली पट्टी तेथे कधीही नीट बसत नाही, चुरगळून उभी राहते. वरच्या कडा दीड इंच दुमडून परकराला असतो तसा नेफा करावा. उरलेल्या ११ इंचांतून अडीच इंच रुंदीचे दोन लांब बंद निघतात. एक पुढच्या नेफ्यातून, एक मागच्या नेफ्यातून ओवायचा आणि दोन्ही खांद्यांवर त्यांच्या गाठी बांधायच्या. कापडाचा घेर छातीच्या जवळजवळ दीडपट असल्याने वर आपोआप चुण्या पडतात. काज नाही, बटण नाही, बाही नाही, गळा कोरण्याची भीती नाही. जिने आजवर फक्त उशीचे अभ्रे शिवले तिलाही हा झगा एका दुपारी जमेल.

उशीच्या अभ्र्याचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. या घाटाचे झगे अमेरिकेत खरोखरच उशीच्या अभ्र्यांतून शिवतात. अभ्र्याच्या तीन बाजू आधीच शिवलेल्या असतात. बंद बाजू उसवली, बगला कापल्या, वर बंद ओवले की झगा तयार. मिशिगन राज्यात २००८ साली सुरू झालेल्या एका ख्रिस्ती संस्थेने असे साधे झगे घरोघरच्या स्त्रियांकडून शिवून घेऊन आफ्रिकेतील मुलींना पाठविण्याचा परिपाठ घातला. त्याच देशातील याहून जुनी हकिगत आमच्या शेतकरी वाचकांना अधिक जवळची वाटेल. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात तेथील खेड्यांत पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य सुती पिशव्यांतून येत असे. बायका त्या पिशव्या उसवून मुलींचे झगे शिवू लागल्या. हे गिरणीवाल्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी पिशव्यांवर फुलाफुलांची नक्षी छापण्यास आरंभ केला आणि आपले नाव धुऊन जाईल अशा शाईने किंवा कागदी चिठ्ठीवर घातले. मग नवरा बाजारात खाद्य आणावयास निघाला की बायको त्याला बजावी, मागच्या वेळच्याच नक्षीची पिशवी आण, अजून एक लागेल! अशा पिशव्यांच्या कापडाचा १९५९ साली शिवलेला एक पोशाख अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आज जपून ठेवला आहे. दारिद्र्याची खूण म्हणून नव्हे, हाताच्या करामतीची म्हणून.

एका पिशवीचे दहा घरी दहा झगे झाले तरी ते एकमेकांसारखे नसत, आणि आमच्या विषयाचे मर्म येथेच आहे. साधा झगा हा कोऱ्या पाटीसारखा असतो. त्यावर काय लिहायचे ते ज्या घरची मुलगी त्या घराने ठरवावे.

सर्वांत आधी आम्ही वाढीचा विचार करू, कारण तो हन्नाचा विचार आहे. वर सांगितलेल्या २८ इंचांपैकी दीड ते दोन इंच नेफ्यात गेले, झग्याची घातल्यावर दिसणारी लांबी साधारण २२ इंच. मग उरलेले चार इंच कोठे गेले? दोन इंच तळाच्या दुमडीत, आणि दोन इंच दोन आडव्या टकांत. अर्धा इंच खोलीची टक घातली की लांबी एक इंचाने कमी होते. तळापासून वीतभर वर अशा दोन टका समांतर घातल्या की नवख्याला ती शोभाच वाटते. आईला मात्र ठाऊक असते की या दोन वर्षांच्या ठेवी आहेत. या वयात मूल वर्षाला दोन-सव्वादोन इंच उंच होते. पुढल्या इस्टरला एक टक उसवावी, त्याच्या पुढल्या वर्षी दुसरी, आणि शेवटी तळाची दुमड. खांद्यावरचे बंद सैल बांधले की वरूनही थोडे मिळते. टक उसवल्यावर तेथे एक गडद रेघ राहते, कारण उन्हाने बाहेरचे कापड विटलेले असते आणि आतले नवे राहिलेले असते. ही रेघ लपविण्याची धडपड करू नये, तिच्यावरूनच रंगीत दोऱ्याचा साखळी टाका किंवा नागमोडी फीत चालवावी. दुसऱ्या वर्षी झग्याला नवा अलंकार मिळतो आणि मुलीला सांगता येते की एवढी मी वाढले.

दुसरी गोष्ट काठाची. आमच्या भागात अशी घरे थोडी की जेथे आजीचे जुने इरकली लुगडे घडी घालून ठेवलेले नाही. अंग विरलेले असते, पण काठ आणि पदर धडधाकट असतात. तो काठ हलक्या हाताने उसवून झग्याच्या तळाला किंवा नेफ्याच्या खाली लावावा. पांढऱ्या पॉपलीनला तांबडा इरकली काठ लागला की कोणत्याही दुकानच्या झग्याने त्याच्यापुढे उभे राहू नये. ज्यांच्याकडे लुगडे नाही त्यांनी गुळेदगुड्डचा खण घ्यावा. चोळीच्या एका खणातून दोन झग्यांच्या पट्ट्या निघतात. इंदूरकडील भगिनींच्या पेटीत महेश्वरीचा काठ असेल, तोही तितकाच शोभेल.

आजी हयात नसेल तर काय? मग तर तो काठ अवश्य लावावा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात यापो गावच्या दुर्कसची कथा आहे. तिला टबीथा असेही म्हणत. ती मरण पावली तेव्हा संत पेत्राभोवती विधवा रडत उभ्या राहिल्या. तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्या त्याला दाखवीत होत्या. तिच्या गुणांचे वर्णन करण्यापेक्षा त्यांना वस्त्रे पुढे करणे अधिक सोपे वाटले. आजीचा काठ पायांशी घेऊन नात वेदीकडे चालत येते, तेव्हा त्या बाकावर कोणाचे डोळे का भरून आले हे आम्हांला विचारावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी. तांबडा काठ पांढऱ्या कापडावर लावण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून पाहावा. चिंधी रंगली तर तो काठ वेगळा दोन-तीन वेळा धुवावा, आणि तरीही रंग सोडीत असेल तर तो रंगीत कापडाच्या झग्यास ठेवावा. मीठ घातले की रंग पक्का होतो असे घरोघरी सांगतात, परंतु मिठाने कच्चा रंग पक्का होत नाही.

आता कशिदा. बेळगाव-धारवाडकडील ही कला आपल्या अंगणातली असून आपल्याच मुलींना ती परकी होत चालली आहे. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी असे तिचे चार टाके. गवंतीने रेघ येते, मुर्गीने पायऱ्यापायऱ्यांची नक्षी होते, नेगी विणल्यासारखी दिसते, आणि मेंथी म्हणजे मेथीच्या दाण्यांसारखी फुल्याफुल्यांची. कापडाचे धागे मोजून काम चालते, खडूने आखणी करीत नाहीत. दोऱ्याला गाठ मारीत नाहीत, आणि गवंती व मुर्गी तर पुढून जशी दिसते तशीच मागून. आमच्या एका सहकारी धर्मगुरूंनी यावर एक अख्खे प्रवचन केले होते, ते येथे देत नाही. पॉपलीनचे धागे फार बारीक, ते मोजता येत नाहीत. म्हणून त्यावर जाळीचे कापड टाचून त्याच्या घरांवरून टाके घालावेत आणि काम झाल्यावर जाळीचे धागे एकेक करून ओढून काढावेत. सारा झगा भरण्याचा हव्यास नको. नेफ्याखाली तीन बोटे रुंदीची एक ओळ पुरे. कोणी विचारतात, फादर, यात मोर आणि हत्ती असतात, ते मिस्सेला चालतील का? मोर तर रोमच्या भुयारी दफनभूमींत आद्य ख्रिस्ती लोकांनी अमर जीवनाची खूण म्हणून रंगविला आहे. हत्तीबद्दल तसे काही आम्हांला सांगता येणार नाही, पण तोही देवानेच निर्माण केला.

ज्यांना भरतकामाला सवड नाही त्यांनी वाकळीकडे पाहावे. खानापूरच्या पलीकडे हल्याळ, यल्लापूर आणि मुंडगोडच्या रानांत सिद्दी बांधव राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांतील पुष्कळांना पोर्तुगीजांच्या काळी गुलाम म्हणून गोव्यात आणले होते आणि तेथून ते या रानांत निसटले. त्यांच्यांत हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि हल्याळकडे आपले कॅथोलिकही आहेत. सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी शिवतात तिच्या चारही कोपऱ्यांवर घडीवर घडी घालून केलेले त्रिकोणी तुकडे बसवितात. त्यांना त्या फुले म्हणतात. फुलांवाचून गोधडी त्यांना उघडी वाटते, पुरी झाली असे वाटतच नाही. कॅथोलिक घरांतील काही गोधड्यांवर तुकड्यांचा क्रूसही असतो. आपल्या झग्याच्या खिशावर एक असे फूल लावून पाहा. चार रंगांच्या चिंध्या, अर्ध्या तासाचे काम, धावदोरा सोडून दुसरा टाका नाही.

खिसा मात्र हवाच. मुलींच्या तयार झग्यांना खिसा का नसतो हे कोडे आम्हांला उलगडलेले नाही. जणू मुलीपाशी ठेवण्याजोगे काही असूच नये! सहा इंचांचा चौकोन खालून गोलवून लावला तरी त्यात जपमाळ, रुमाल आणि दोन चिंचा राहतात. खिसा कशाच्या आकाराचा असावा, त्यावर काय असावे, हे मुलीला ठरवू द्यावे. एका मुलीने कोंबडी मागितली. आईला ते फेस्ताच्या झग्यावर नको होते. शेवटी कोंबडीच झाली आणि ती फार छान झाली आहे. सात-आठ वर्षांच्या मुलीच्या हाती जाड सुई द्यावी आणि खिशाची वरची कड तिच्याकडूनच धावदोऱ्याने शिवून घ्यावी. टाके वाकडे येतील, ते उसवू नयेत.

क्रोशाची लेस, रेशमी फीत, मणी यांबद्दल भगिनींना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. फक्त तीन वर्षांच्या आतील मुलीच्या झग्यावर मणी किंवा बटणे नकोत, ती तोंडात जातात. तिच्या खांद्यावर ओवलेल्या बंदांऐवजी शिवून पक्क्या केलेल्या पट्ट्या असाव्यात. मोठ्या मुलीच्या झग्यातही बंद नेफ्याच्या मध्यावर एक आडवी टीप घालून बसवावा, म्हणजे तो ओढून निघणार नाही, आणि गाठीपुढे त्याची टोके बोटभरच ठेवावीत. लोंबते बंद पाळण्यात, सायकलीत, दारात अडकतात. मेणबत्तीचीही गोष्ट आहे. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी प्रत्येक बालकाच्या हाती पेटती मेणबत्ती असते आणि ओळीत एकमेकांना खेटून ती उभी असतात. सुती कापडही पेटते, म्हणून लक्ष ठेवावेच. परंतु नायलॉन व पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते, आणि फुगलेली जाळी ज्योतीपर्यंत स्वतःच जाऊन पोहोचते.

आमच्या धर्मग्रामात यंदा आम्ही एक सूचना मांडली आहे, ती इतर ठिकाणच्या मंडळींनीही विचारात घ्यावी. प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या सर्व मुलींसाठी एकाच ताग्यातून पांढरे कापड घ्यावे. बारा मुली असतील तर बारा मीटर, घाऊक भावाने. कापडाचे पैसे ज्याने त्याने द्यावेत, आणि ज्याला जड जाते त्याचे कोणाला न कळता धर्मग्रामाने द्यावेत. शिवण सिस्टरांच्या वर्गात, दोन रविवारी दुपारी, आया आणि मुली मिळून. ज्या घरी यंत्र नाही तेथील आईने यंत्रावर बसावे, जिला टीप येत नाही तिने बगला बांधाव्यात. कापड सर्वांचे एक राहील, काठ, खिसा आणि टाके ज्याचे त्याचे. कोणी किंमत विचारली तर सर्वांचे उत्तर एकच येईल.

एका मातेने शंका काढली की धाकटीला थोरलीचा झगा दिला की ती रुसते, तिचे काय? यावर शिवणवर्गातल्याच एका आजींनी तोड सांगितली. झगा धाकटीकडे जाण्यापूर्वी थोरलीचा खिसा उसवून तिला परत द्यायचा, तो ती आपल्या पुस्तकात ठेवील. मग उसवलेल्या टका पुन्हा घालायच्या, बंद नवे करायचे, आणि धाकटीला विचारायचे की तुझ्या खिशावर काय हवे. त्या घरी सध्या बैलगाडी की बेडूक यावर वाद चालू आहे.